ओल्या पायांच्या पायऱ्या

पहाटे साडेचारला आरशाचा दिवस सुरू व्हायचा. गल्लीतल्या नळाला पाणी आलं की त्याची थोरली बहीण आक्का रिकामी बादली पायाने सरकवायची आणि त्या खरखरीने त्याला जाग यायची. घड्याळाची गरज कधी पडली नाही. चहा घशाखाली ढकलून तो बाहेर पडे तेव्हा समोरच्या बेकरीची भट्टी तेवढी जागी असे. रस्त्यावर पावाचा वास आणि त्याच्या हातगाडीच्या चाकांचा आवाज, दुसरं काही नाही. गाडीवर फरशी घोटायचं मशीन, घासायचे दगड, पाण्याचे पाइप आणि गोणपाटाची बोचकी.

इतक्या लवकर जायचं कारण साधं होतं. फरशीची घोटाई पाण्यात चालते. नव्या इमारतीत सुतार आणि रंगारी एकदा आले की ना पाणी आपलं राहतं ना जमीन. ओल्या राड्यातून त्यांचे पाय जातात; मग शिव्याही आपणच खायच्या आणि पुन्हा घासायचंही आपणच. त्यापेक्षा माणसं यायच्या आत निम्मं काम उरकून मोकळं व्हावं.

कागदोपत्री त्याला नाव होतं, पण गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे त्याला आरसा म्हणत. एकदा एका घरमालकाने त्याने घोटलेल्या जमिनीत वाकून बघितलं आणि खिशातून कंगवा काढून भांग सारखा केला. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मशीनचा दांडा धरून दिवसभर उभं राहायचं म्हणजे सगळा कंप अंगात मुरवून घ्यायचा. संध्याकाळी त्याच्या हातात कपबशी वाजायची. आधी जाड दाण्याचा दगड, मग मध्यम, मग बारीक. घाई करून मधला दगड गाळला तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. पुढे खिडकीतून उन्हाची तिरीप पडली की ओरखडे आपणहून हजेरी देतात. आरशाने मधला दगड कधी गाळला नाही. भिंतीलगतच्या कडांना मशीन पोचत नाही. तिथे गुडघे टेकून हाताने घासायचं. त्याच्या गुडघ्यांवर उंटासारखे घट्टे होते. कामाला नवा आलेला कुणी कडा तशाच सोडायला निघाला की तो म्हणे, "मधली जमीन मशीन करतं. कडा आपण करतो. आपली मजुरी कडांची."

काम संपलं की फडक्याने जमीन कोरडी करून तो घरच्या बाईला बोलवायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, "ताई, ओल्या पायाने येऊ नका हं. पाय सटकेल."

ही सगळी शिस्त आक्काची. आई गेली तेव्हा आरसा पाटीवर अक्षरं गिरवत होता. आक्का त्याच्याहून बरीच मोठी. तिने शाळा सोडली आणि शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसली. लग्नाची बोलणी आली की म्हणायची, "आधी याला मार्गी लावते." तो मार्गी लागला तोवर बोलणी यायची थांबली होती. यावर तिने कधी उसासा टाकला नाही. टाकला असेल तर शिलाई मशीनच्या आवाजात.

सुट्टीच्या दिवशी ती त्याला नदीवर घेऊन जायची. नदी पवित्र, लांबून लांबून लोक तिच्यात बुडी मारायला येत. काठावर उंचावर देवीचं देऊळ, आणि पाण्यापासून थेट दारापर्यंत दगडी पायऱ्या. तिथली रीत एकच: नदीत पाय बुडवायचे आणि न पुसता तसेच वर जायचं. नदीचं पाणी देवीच्या उंबऱ्यापर्यंत पायांनीच पोचवायचं.

आरशाला त्यातलं सगळं आठवायचं. चपला काठावरच्या झाडाखाली ठेवायच्या. पाणी इतकं गार असायचं की घोट्यांना कळ यायची. आक्का परकराची कड वर खोचून पुढे चालायची आणि तिच्या ओल्या पावलांचे ठसे दगडावर उमटायचे. तो नेमके त्या ठशांत पाय ठेवत चढायचा. ऊन असलं की वरचे ठसे तो पोचायच्या आत वाळायचे, मग तो हाका मारायचा, "आक्का, थांब ना, तुझे पाय संपले!"

"संपले तर स्वतःचे वापर," ती वरून म्हणायची.

देवी अगदी लहान, हातभर उंचीची. डोळे मात्र टपोरे. आक्का तिच्याशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. "आले बाई. यालाही आणलाय. बघून घे, मागच्या खेपेपेक्षा वाढलाय. जेवत नाही म्हणून तक्रार आहे, तेवढी समज दे." मग दोघं वरच्या पायरीवर बसून पुडीतले चणे खायची आणि खाली होड्या बघायची. आठवड्याभरात आक्का बसून राहायची ती तेवढीच. पुढे आरशाने मोठ्या लोकांच्या बंगल्यांच्या जमिनी केल्या, गार सावलीच्या ओसऱ्या केल्या; पण बसायला इतकी चांगली जागा त्याला कुठे सापडली नाही.

त्याचं लग्न झालं. घरात बायको आली आणि आक्काला भांडायला हक्काचं माणूस मिळालं. नणंद-भावजयीचं दिवसभर वाजायचं, पण एकीला ताप आला की दुसरीला घास जायचा नाही. आक्काचे केस पिकले, तरी नदीची फेरी चुकली नाही. आता तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्या जुन्या पायऱ्या होत्या खडबडीत. घरी आली की ती पाय चोळत बसायची.

"पायऱ्या कसल्या, कानस आहे नुसती," ती म्हणायची. "देवीला वाटत असेल, आधी हिला घासून साफ करू, मग आत घेऊ."

"मग तेल लावून जात जा," बायको म्हणायची.

"तेल लावून गेले तर थेट नदीत जाईन मी. तुला तेच पाहिजे." मग भावाकडे वळून, "तू लोकांच्या घरी लोण्यासारखी जमीन करतोस रे बाबू. आमच्या नशिबी हे दगड."

ती गमतीत बोलली. त्याच्या मनात ते रुतून बसलं.

एका वर्षी मोठा पूर आला आणि पायऱ्या उचकटून घेऊन गेला. देवस्थानाने पाण्यापासून दारापर्यंत सगळ्या नव्या करायच्या ठरवल्या, काळ्या दगडाच्या. काम आरशाच्या ओळखीच्या गवंड्याला मिळालं. आरसा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "घोटाई मी करणार. मजुरी नको."

गवंड्याने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही. फुकट? तू?"

"देवीचं काम आहे."

"देवीचं भिंतीचं कामही आहे. तेही कर की फुकट, मी घरी झोपतो."

पण पुजाऱ्याला आनंद झाला. म्हातारा भला माणूस होता. तो म्हणाला, "होऊ दे. देवीच्या दारात काळा दगड चमकला तर कुणाला नको आहे?"

मोठं मशीन पायरीवर बसत नाही. म्हणजे अथपासून इतिपर्यंत काम हाताचं. थंडीचे दिवस होते. मजुरीच्या कामाला जायच्या आधी आरसा अंधारातच नदीवर पोचायचा. पायात रबरी बूट, गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी, शेजारी नदीच्या पाण्याची बादली. जाड दगडाने छिन्नीच्या टाक्यांच्या खुणा घालवायच्या, मध्यमने ओरखडे, बारीकने जे काही उरेल ते. एक पायरी झाली की तिच्यावर गोणपाट अंथरून वरची घ्यायची. काम चालू असेपर्यंत भाविक बाजूच्या मातीच्या उतारावरून जायचे. बोटांची कातडी सोलवटून पातळ झाली. घरी आमटीची वाटी धरताना चटका बसायचा. त्याने हात आखडला नाही. प्रत्येक पायरीला आक्काची टाच डोळ्यांपुढे होती.

आक्काला त्याने तिकडे फिरकू दिलं नाही. "झाल्यावर ये," म्हणाला.

"मला न दाखवता एवढं काय करतोयस? स्वतःचा पुतळा?"

"गप गं आक्का."

शेवटच्या दिवशी त्याने सगळ्या पायऱ्या फडक्याने कोरड्या केल्या. सूर्य वर आला आणि काळा दगड असा पेटला की गवंड्यानेही डोळ्यांवर हात धरला. वरच्या पायरीत देवळाचा कळस उलटा दिसत होता. इतकी वर्षं काम केलं, पण इतकं चांगलं काम आपल्या हातून उतरलं नव्हतं, हे आरशाला ठाऊक होतं. कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच सकाळी आक्का आली, बायको आली, बघणारी माणसं जमली. आक्का बराच वेळ काठावरून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अरे बाबू, यावर पाय ठेवायचा कसा? जीव धजत नाही."

"तुझ्यासाठीच केलंय. ठेव."

तिने चपला काढल्या. नदीत उतरली, पाय बुडवले, आणि रीतीप्रमाणे न पुसता चढायला लागली. चार पायऱ्या ती हसत हसत गेली. "लोणी आहे रे, खरंच लोणी," असं म्हणाली, आणि मागे वळून भावाकडे बघायला गेली. ओला पाय निसटला. तिच्या तोंडून आवाजही आला नाही. आवाज आला तो हाडाचा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आरसा आणि बायको बसले होते. आत शस्त्रक्रिया चालू होती. बायको तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी तिने आवाज चढवला नाही.

"परक्या बायकांना सांगत फिरता, ओल्या पायाने येऊ नका. आक्कांना कोण सांगणार होतं?"

ओल्या पायांनीच चढायच्या पायऱ्या त्याने कोरड्या घरासारख्या घोटल्या होत्या. लहानपणापासून त्या पाण्यात पाय बुडवून तो वर गेला होता, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. रबरी बूट घालून काम केलं, काम झाल्यावर कोरडं पुसून बघितलं, आणि डोळ्यांपुढे होत्या फक्त टाचेच्या भेगा.

आक्का शुद्धीवर आली ती चेष्टा करतच. "डॉक्टरांनी आत सळई घातलीय म्हणे. गवंड्याला निरोप द्या, भिंत कमी पडली तर मला उभी करा." भावाला तिने एका शब्दाने दुखवलं नाही. उलट कुणी विषय काढला तर म्हणायची, "माझीच नजर लागली कामाला." तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

काही महिन्यांनी ती काठी घेऊन चालायला लागली. घरात चालली, अंगणात चालली, शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली. सुट्टीचा दिवस आला की आरसा चप्पल घालून उभा राहायचा. "चल आक्का, सावकाश जाऊ."

"आज नको रे. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला पुन्हा पुढची खेप. शेवटी एकदा बायकोने स्पष्टच विचारलं, "आक्का, देवीवर रुसलात का?"

"रुसते कशाला? मन रोज जातंय. पाय उचलत नाही." मग ती म्हणाली, "तिथे बसलं की मला आई आठवायची. आता हाड आठवेल."

आरसा दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो डब्यात नदीचं पाणी घेऊन आला आणि आक्काच्या पायांवर ओतलं. ती भावाचं मन राखायला "वा, गार आहे" म्हणाली, आणि पाय पुसून घेतले. असल्या डबा डबा पाण्याने हे भागायचं नाही, हे त्याला कळलं. आक्काला पुन्हा त्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत; तिच्या पायांनी, ओल्या पायांनी.

तो पुजाऱ्याकडे गेला. पायऱ्यांच्या मधोमध चालायला गोणपाटं अंथरलेली होती. कुजून आता तीच सरकत होती.

"माणसं पडतात का हो?"

पुजाऱ्याने इकडे तिकडे बघितलं. "मीच दोनदा बसलो. देवीने बघितलं, दुसऱ्या कुणी नाही, एवढंच नशीब."

"मग दगडाला पुन्हा टाके मारून खडबडीत करू."

"मी विचारलं होतं रे देवस्थानाच्या मंडळींना. ते म्हणतात, लोक लांबून चमक बघायला येतात, फोटो काढतात, आणि आपण ती फोडायची? अगदीच करायचं तर ज्याने चमकवलं त्याने स्वतःच्या खर्चाने करावं, म्हणाले. देवस्थान एक पै देणार नाही." पुजारी खाली बघत म्हणाला, "मला सांगायला बरं वाटत नाही."

"बरोबर आहे त्यांचं," आरसा म्हणाला.

त्या वेळी त्याचं मशीन शेवटचे आचके देत होतं. मोटर गरम व्हायची, मधेच थांबायची. नवं घ्यायला त्याने पैसे साठवत आणले होते; त्यासाठी दोन वर्षं नवा सदरा शिवला नव्हता. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती भांडेल. ती भाकरी थापत होती ती थापतच राहिली.

"जुनं मशीन चालतंय ना अजून?"

"ढकललं तर चालतं."

"मग ढकला. आजवर दुसरं काय केलंय?"

गावाबाहेर एक म्हातारा पाथरवट राहायचा. जाती-पाटे घडवायचा, झिजलेल्यांना टाकी लावून द्यायचा. आरसा त्याला घेऊन आला. पाथरवट गोणपाट बाजूला करून पायरीवर बसला आणि तिच्यावरून तळहात फिरवत राहिला.

"हात कुणाचा?"

"माझा."

"हे मी फोडायचं?"

"हो."

म्हाताऱ्याने छिन्नी आणि हातोडी त्याच्यापुढे धरली. "पहिला टाका तू मार. नाहीतर मधेच येऊन माझा हात धरशील. मी पाहिलेत असले लोक."

आरशाने छिन्नी धरली. घासणारा हात तो; ठोकायची सवय नाही. पहिला घाव निसटला. दुसरा बसला. काळ्याभोर दगडावर पांढरा टिपका उमटला. त्याने तिसरा मारला, चौथा मारला, आणि छिन्नी परत दिली.

"आता वर जाऊन बस," पाथरवट म्हणाला. "बघू नकोस."

तो वर जाऊन देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसला. खालून टक्‌ टक्‌ येत राहिलं. न बघताही त्याला कळत होतं, छिन्नी आता कुठल्या पायरीच्या कुठल्या कडेला आहे. थोड्या वेळाने तो उठला आणि खाली गेला. बसून राहायचा त्याचा स्वभाव नव्हता. पाथरवट टाके मारत गेला आणि आरसा मागून कपच्या झाडत, गोळा करत गेला. रोज काही पायऱ्या. काळा दगड कठीण. छिन्नीची धार दुपारपर्यंत जायची, मग आरसा लोहाराकडे जाऊन लावून आणायचा.

एकदा गवंडी बघायला आला. थट्टा करायलाच आला असावा, पण पायऱ्या बघून परत फिरला. दुसऱ्या दिवशी जाड लोखंडी नळ घेऊन हजर झाला. "नळाचे पैसे तू दे," म्हणाला. "बसवायची मजुरी मी धरत नाही. मलाही कधीतरी ताप येतो." बाजूच्या भिंतीत त्याने तो नळ हाताने धरायला चढता बसवून दिला.

मग एका सुट्टीच्या दिवशी आरशाने आक्काला सांगितलं, "वर जाऊ नकोस. नुसतं काठावर बसून बघ."

तेवढ्याला ती कबूल झाली. बायकोने तिचा एक हात धरला होता. काठावर येऊन आक्काने पायऱ्या बघितल्या. आरशासारखा दगड गेला होता. होते ते करड्या, टोचलेल्या दगडाचे चौकोन. ती वाकली आणि तिने बोटांनी चाचपून बघितलं.

"केलेलं सगळं घालवलंस रे."

"घालवलं."

"किती छान होतं."

"होतं," तो म्हणाला.

तिने चपला काढल्या, काठी भावजयीच्या हातात दिली, आणि पाण्यात पाय बुडवले. बाहेर येताना पहिल्या पायरीवर पाऊल टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. हळूच भार दिला. पाय बसला. दगडाने धरून ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली.

हात द्यायला आरसा पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि नळ धरला. एकेक पायरी घेत ती वर गेली. मधे दम खायला थांबली, पुन्हा निघाली. आरसा मागे होता, बायको काठी घेऊन त्याच्या मागे. उंबऱ्याशी पुजारी घंटा वाजवायचा थांबला आणि बाजूला झाला. आक्का आत गेली. देवीपुढे ती बराच वेळ उभी होती. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर आली ती वरच्या पायरीवर ऐसपैस बसली आणि पाय पसरले.

"मशीनचे पैसे ना हे?" तिने विचारलं.

"हो."

खाली पाण्यावर होड्या चालल्या होत्या. पाथरवटाची मजुरी, लोहाराची धार आणि तो लोखंडी नळ, एवढ्यात नव्या मशीनचे सगळे पैसे गेले, आणि पुढची बरीच वर्षं आरसा जुनंच मशीन ढकलत होता.